जात विचारण्याआधी वजन विचारा: ४५ अंशांच्या उन्हात परसातल्या कोंबड्या कशा निवडाव्यात

पिल्ले घ्यायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो अंड्यांचा. वर्षाला किती देते? समोरचा १८० किंवा २०० सांगतो आणि सौदा होतो. आकडा खोटा असतोच असे नाही, पण तो फार्मवरचा असतो: तयार खाद्य, वेळच्या वेळी लस, डोक्यावर उंच छप्पर. अकोला, चंद्रपूर, नागपूर, जळगाव या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि दिवस मावळल्यावरही भिंती झळा सोडत राहतात. तिथल्या परसात विचारायचा पहिला प्रश्न वेगळा आहे. पूर्ण वाढल्यावर ही कोंबडी किती किलोची होते?

दुसरा प्रश्न, अंगावर पिसे किती? तिसरा, ती खुडूक होते का, म्हणजे अंडी उबवायला बसते का? अंड्यांचा नंबर चौथा. या क्रमाने विचारत गेले की बाजारातल्या निम्म्या जाती आपोआप गळतात.

वजन आधी का

कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश असते. माणसाला तेवढे झाले तर घरात धावपळ उडेल. हवा थंड असते तोवर ही उष्णता तुरा, हनुवटीखालच्या लोंबत्या लाल पाळ्या, नडग्या आणि पंखांखालची उघडी कातडी यांतून निघून जाते. हवेने तिशी ओलांडली की ही वाट अरुंद होत जाते आणि कोंबडी चोच उघडून लहालहा करू लागते. चाळिशीच्या पुढे बाहेरची हवाच अंगाइतकी तापलेली. मग उरते फक्त धाप. घशातले, फुप्फुसातले पाणी उडवायचे आणि त्या वाफेबरोबर उष्णता बाहेर टाकायची, एवढाच उपाय तिच्याकडे असतो.

वजन वाढले की अंगात तयार होणारी उष्णता वाढते, पण ती बाहेर सोडणारी कातडी त्या मानाने वाढत नाही. म्हणून सव्वा किलोची गावरान कोंबडी आणि साडेतीन किलोचा गिरिराज कोंबडा एकाच कडुनिंबाखाली असले तरी दोघांचा उन्हाळा सारखा नसतो. दुपारी चारला गावरान कोंबडी पंख अंगापासून सैल सोडून उभी असते. कोंबडा तोवर जमिनीवर बसलेला असतो, मान पुढे लांबवून, डोळे अर्धे मिटून. तासाभरात सावली आणि पाणी मिळाले नाही तर तो उठत नाही.

कामचलाऊ हिशेब असा ठेवावा. पूर्ण वाढलेली मादी १.२ ते १.८ किलोची असेल तर निर्धास्त घ्यावी. १.८ ते २.२ किलोची असेल तर सावली आणि पाण्याची सोय आधी करून मग घ्यावी. अडीच किलोच्या वर जाणारी जात उन्हाळ्यात सांभाळायच्या भरीस पडू नये. ती पाळायचीच असेल तर पावसाळ्यात आणून फेब्रुवारीपर्यंत विकायची, असा बेत हवा.

धापेचा एक दुष्परिणाम जातीच्या माथी मारला जातो, तो इथेच सांगायला हवा. जोरजोरात धापा टाकताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड नको तितका निघून जातो, रक्ताचा आम्ल-अल्क तोल बिघडतो आणि अंड्याच्या कवचाला लागणारा चुना नीट मिळत नाही. त्यात खाणेही कमी झालेले असते. म्हणून एप्रिल-मेमध्ये कवच पातळ होते, अंडी लहान येतात, काही कोंबड्या अंडी बंदच करतात. ‘जात खराब निघाली’ म्हणून याच दिवसांत कोंबड्या विकून टाकणारे पुष्कळ. ऑगस्टपर्यंत थांबले असते तर तीच कोंबडी पुन्हा नीट अंड्यावर आली असती.

उघडी मान, उलटी पिसे

पिसे म्हणजे गोधडी. थंडीत तिचा उपयोग, उन्हाळ्यात जाच. ज्या कोंबडीची मान जन्मतःच बिनपिसांची असते तिच्या अंगावरही पिसे कमी असतात, आणि परसासाठी हा सर्वांत दुर्लक्षित गुण आहे. अशी कोंबडी दिसायला विचित्र, गिधाडासारखी. म्हणून बाजारात कुणी हात लावत नाही आणि बरेचदा स्वस्तात मिळते. घ्यावी.

हा गुण एकाच जनुकाचा असल्यामुळे गावरान कळपात तो आणणे सोपे आहे. त्यासाठी कोंबड्याची मान जवळून पाहावी. मानेच्या पुढच्या बाजूला, छातीच्या वर, पिसांचा छोटा झुपका असेल तर त्याच्यात जनुकाची एकच प्रत आहे. अशा पक्ष्याच्या अंगावर साधारण २० टक्के पिसे कमी असतात. झुपका जवळजवळ नसेल, नुसती चार-दोन पिसे असतील, तर प्रती दोन आहेत आणि पिसे सुमारे ४० टक्के कमी. झुपक्याचा कोंबडा साध्या गावरान कोंबड्यांत सोडला तर सरासरी निम्मी पिल्ले उघड्या मानेची निघतात. बिनझुपक्याचा सोडला तर सगळी. पिल्लू अंड्यातून बाहेर पडते तेव्हाच मान पाहून कळते, वाट पाहावी लागत नाही. दोन प्रतींच्या पक्ष्यांचीच आपसात पैदास करत राहिले तर अंड्यांतून पिल्ले निघण्याचे प्रमाण थोडे घटते, म्हणून माद्या साध्या आणि कोंबडा उघड्या मानेचा, ही जोडी बरी.

यात एक मर्यादा लक्षात ठेवावी. हवा ४४-४५ वर असते तेव्हा उघड्या मानेतून उष्णता बाहेर जात नाही, कारण बाहेरच अधिक गरम असते. फायदा मिळतो तो सकाळी आणि दिवस मावळल्यावर. साधी कोंबडी रात्री दहापर्यंत धापा टाकत असते, ही तासाभरात शांत होऊन खायला लागते. संध्याकाळचे हे दोन घास अंड्याला उपयोगी पडतात. दुपारी मात्र तिलाही सावली लागतेच.

उलट्या, कुरळ्या पिसांची कोंबडी याच न्यायाने उन्हाळ्यात बरी, कारण पिसे अंगाला चिकटून बसत नाहीत आणि हवा खेळते. पण उलट्या पिसांचा कोंबडा उलट्या पिसांच्या कोंबडीला लावू नये. चौथा हिस्सा पिल्ले अशी निघतात की पिसे ठिसूळ, मोडकी आणि अंग जवळपास उघडे. शिवाय उलट्या पिसांवरून पाणी ओघळत नाही, आत मुरते. कोकणात किंवा घाटमाथ्याच्या पावसात ही कोंबडी गारठते. ती कोरड्या मुलखाचीच.

रंगावर लोक फार वाद घालतात. उन्हात उभी राहिली तर काळी कोंबडी पांढरीपेक्षा जास्त तापते, हे खरे. सावलीत दोघी सारख्याच. उलट मोकळ्या परसात पांढरी कोंबडी घारीला लांबून दिसते, तपकिरी-ठिपकेदार दिसत नाही. सावली नसेल तर रंग बदलून काही साधत नाही, आणि सावली असेल तर घारीचा विचार करून मातकट रंग घ्यावा. तुरा मात्र मोठा, उभा, एकेरी असलेला बरा. तेवढी कातडी उष्णता टाकायला जास्त मिळते.

जाती, एकेक करून

गावरान. मादी १.२ ते १.५ किलो, वर्षाला ५० ते ७० अंडी, तीही हप्त्याहप्त्याने: पंधरा दिली, खुडूक बसली, पिल्ले फिरवली, पुन्हा लागली. आकडा पाहून नाक मुरडू नये. ती स्वतःचे पोट निम्म्याहून अधिक स्वतः भरते, घार आली की पिल्ले पंखांखाली घेते, दुपारी कुणी न सांगता गोठ्याच्या ओलसर कोपऱ्यात जाऊन बसते. ही अक्कल कुठल्या हॅचरीत विकत मिळत नाही. अंडे लहान असले तरी बाजारात त्याला भाव जास्त असतो. अडचण एवढीच की ‘गावरान’ म्हणून विकले जाते ते सगळे गावरान नसते, त्याबद्दल पुढे.

ग्रामप्रिया. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी तयार केलेली. परसात १६० ते १८० अंडी सांगितली जातात, तपकिरी कवचाची, गावरानपेक्षा ठळक मोठी. पहिले अंडे साडेपाच महिन्यांच्या आसपास. मादी पावणेदोन-दोन किलोची होते, म्हणजे आपल्या रेघेवर. घरच्या अंड्यांसाठी एकच सुधारित जात घ्यायची तर विदर्भ-मराठवाड्यात हिचे नाव पहिले घ्यावे लागेल. ती खुडूक सहसा होत नाही आणि तिला हातचे खाद्य लागते. नुसत्या उकिरड्यावर सोडून १८० अंड्यांची आशा धरू नये. रोज ५० ते ६० ग्रॅम धान्य आणि पेंडीचा भरडा दिला तर निम्म्या वाटेपर्यंत तरी पोचता येते.

वनराजा, गिरिराज, कुरॉयलर. वनराजा हैदराबादच्याच संचालनालयाची, गिरिराज बंगळूरची. तिन्ही मुळात मांस आणि अंडी दोन्हींसाठी. पिल्ले भराभर वाढतात, म्हणून गावात यांचीच चलती. वनराजा वर्षाला १०० ते ११० अंडी देते, गिरिराज १३० ते १५०. पण माद्या दोन-अडीच किलोच्या आणि कोंबडे तीन-साडेतीनचे होतात. मेमधली मर सर्वांत आधी यांच्यातच लागते. यांना नाकारायचे कारण नाही, वेळ पाळायची. जूनच्या शेवटी किंवा जुलैत पिल्ले आणा, दिवाळीपासून कोंबडे विकायला काढा, होळीला एकही दोन किलोवरचा कोंबडा दारात नको. माद्या ठेवायच्या तर त्यांना चारून लठ्ठ करू नका. पोटात चरबीचा थर साचलेली कोंबडी उन्हात पहिली जाते.

ऱ्होड आयलंड रेड आणि ब्लॅक ऑस्ट्रोलॉर्प. राज्य सरकारच्या पुणे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर इथल्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांकडे चौकशी केली की ही नावे कानावर पडतात. अंडी चांगली देतात, स्वभाव शांत, पण ऑस्ट्रोलॉर्प पिसांनी भरलेली आणि दोन किलोच्या बरीच वर जाणारी. नाशिक, साताऱ्याकडे ठीक. चंद्रपुरात घ्यायची तर ऱ्होड आयलंड रेड पत्करावी, ऑस्ट्रोलॉर्प नको. या दोन्हींचे कोंबडे गावरान माद्यांना लावून निघणारी संकरित पिल्ले मात्र उन्हाला बऱ्यापैकी टिकतात, कारण वजन मधले येते.

कडकनाथ. मध्य प्रदेशातल्या झाबुआ, अलिराजपूर, धार भागातली. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मादी सव्वा ते दीड किलो, कोंबडा दोनच्या आत, चपळ, स्वतः चरणारी. वजनाच्या कसोटीला पूर्ण उतरते आणि तिचे मूळ गावही तापणारेच. अंडी ८० ते १००. अंडे काळे नसते, दुधी किंवा फिकट तपकिरी असते. ‘काळे अंडे’ म्हणून कुणी विकत असेल तर समजून जावे. खरी कडकनाथ ओळखायची तर चोच उघडून जीभ पाहावी, पंख उचलून खालची कातडी पाहावी, तळपाय पाहावेत. सगळीकडे काळपट छटा हवी. नुसती काळी पिसे असलेली कोंबडी कडकनाथ नव्हे. घरच्या खाण्यासाठी चार-पाच ठेवायला उत्तम. भाव ऐकून शंभर घ्यायच्या असतील तर २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथच्या करारशेतीत हजारो शेतकऱ्यांचे पैसे कसे बुडाले ते आधी कुणाकडून तरी ऐकून घ्यावे.

असील. आंध्र, ओडिशा, बस्तरची. उंच पाय, अंगाला घट्ट चिकटलेली तुटपुंजी पिसे, छाती-मानेवर उघडी लाल कातडी. वजनदार असूनही ऊन सोसणारी अशी हीच एक. पण अंडी वर्षाला चाळीसच्या आसपास आणि कोंबडे भांडकुदळ. ४४ अंशांत दोन कोंबड्यांची झुंज लागली की जिंकलेलाही संध्याकाळपर्यंत राहील याची खात्री नाही. असील कोंबडी अंड्यांवर मात्र घट्ट बसते, पिल्ले नेटाने वाढवते. एखादी दाई म्हणून ठेवावी.

बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने नेमके हेच गुण धरून संकर केले आहेत: उघड्या मानेच्या पक्ष्यापासून हितकारी, उलट्या पिसांच्या पक्ष्यापासून उपकारी, असीलपासून निर्भीक, कडकनाथपासून श्यामा. मिळाली तर हितकारी जरूर घ्या. आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून वर सांगितलेला उघड्या मानेचा कोंबडा हाच गरिबाचा हितकारी.

आता नको त्या जाती. पायांवर पिसे असलेली ब्रह्मा, कोचीन. फुलून बसलेली ऑर्पिंग्टन. कापसाच्या गोळ्यासारखी सिल्की. शौकाच्या कोंबड्या म्हणून पुण्या-मुंबईत विकल्या जातात. एसीत ठेवायची तयारी असेल तर घ्या. अंड्यांच्या फार्मवरच्या पिंजऱ्यातून दीड वर्षानंतर काढलेल्या तपकिरी लेअर (फक्त अंड्यांसाठीच्या) कोंबड्याही स्वस्तात मिळतात. त्यांची बहुधा चोच कापलेली असते, त्यामुळे गवतातला किडा उचलता येत नाही, आणि सावली शोधायची सवय नसते. उन्हात उभ्याच राहतात. जत्रेत मिळणारी गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्ले बहुतेक लेअर हॅचरीने टाकून दिलेले नर असतात; अंड्यांसाठी त्यांचा काहीच उपयोग नाही.

बारा कोंबड्यांचा कळप

एकाच जातीचे खूळ नको. चार-पाच माणसांच्या घराला अंडी पुरावीत, वर्षातून एकदा पिल्लेही निघावीत असा कळप असा बसवता येतो: ग्रामप्रियाच्या सहा तलंगा (अंड्यावर येऊ घातलेल्या तरुण माद्या), गावरान पाच माद्या, आणि उघड्या मानेचा किंवा साधा गावरान कोंबडा एक. कोंबडा एकच. आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो. इथे अकरा आहेत, तरी चालते, आणि दुसरा ठेवला तर मेमध्ये भांडणे.

ग्रामप्रियाची अंडी खावीत, उबवू नयेत. संकरित जातीच्या अंड्यांतून निघालेली पुढची पिढी आईइतकी अंडी देत नाही. काही तशी निघतात, काही निम्म्यावर येतात. दर दीड-दोन वर्षांनी नव्या तलंगा आणणे हेच बरे. उबवायला बसवायची ती गावरान अंडी, खुडूक गावरानखाली, दहा ते बारा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. होळीनंतर बसवू नये: कोंबडी २१ दिवस क्वचितच उठते आणि उन्हाने तिचीच दमछाक होते, कोंबड्याचे बीजही उन्हात कमजोर पडते, आणि साठवलेली अंडी ३५-३८ अंशांच्या खोलीत अर्धवट उबून आतल्या आत मरतात. बसवायचीच झाली तर अंडी माठाखालच्या ओल्या वाळूजवळ ठेवून तीन दिवसांच्या आत बसवा.

पिल्ले कधी आणायची याचा हिशेब उन्हाळ्यावरून उलटा करावा. जुलैत आणलेली ग्रामप्रिया डिसेंबरात अंड्यावर येते आणि मेपर्यंत चांगली मुरलेली असते. जानेवारीत आणलेली मेमध्ये चार महिन्यांची असते. वजन कमी, अंड्याचा ताण नाही, म्हणून उन्हाळा सोपा जातो. सर्वांत वाईट म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरची पिल्ले. ती नेमकी एप्रिलमध्ये पहिल्या अंड्यावर येतात, आणि अंग वाढवायचे, अंडे घडवायचे, ऊन सोसायचे, ही तिन्ही कामे एकाच वेळी पडतात. एप्रिलमधले एक दिवसाचे पिल्लू उन्हाने सहसा मरत नाही, त्याला पहिल्या आठवड्यात ३३-३५ अंश लागतातच. ते मरते प्रवासात, एसटीच्या टपावर किंवा डिकीत, तहानेने. मार्च-एप्रिलमध्ये पिल्ले आणायची तर रात्रीचा प्रवास, आणि घरी आल्यावर आधी पाणी, दोन तासांनी खाद्य. दिवसा बल्ब बंद, तो फक्त पहाटेपुरता.

विकत घेताना

तलंगा घेत असाल तर फेब्रुवारीत सकाळी जाऊन उपयोग नाही. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी दोन ते चारच्या दरम्यान विकणाऱ्याकडे जा आणि आधी नुसते उभे राहून पाहा. कोण सावलीत गेले, कोण उन्हात उभे आहे, कोणाची चोच उघडी. एखादी निवडून पंधरा सेकंद तिच्या पोटाची हालचाल मोजा आणि चारने गुणा. शांत कोंबडी मिनिटाला २० ते ३५ श्वास घेते. त्याच जागी, त्याच सावलीत जिचे दीडशेच्या वर जातात आणि शेजारणीचे साठ-सत्तर असतात, तिला सोडून द्या. उन्हातून धावत आलेली मोजू नका, दहा मिनिटे स्थिर झालेली मोजा.

मग हातात घ्या. तागडीचा काटा बरोबर न्यावा. पाच महिन्यांची गावरान म्हणून दिलेली मादी दोन किलोची भरली तर ती गावरान नाही. पाय पाहा: गावरान आणि कडकनाथच्या नडग्या बारीक, कोरड्या, तर जाड, पिवळ्या, मांसल नडग्या मांसाच्या जातीच्या रक्ताची खूण. एकाच खोक्यातली सगळी पिल्ले एकाच रंगाची आणि एकाच मापाची असतील तर ती कुठल्या तरी हॅचरीच्या संकराची. गावरान कळपात दोन बहिणी एका रंगाच्या सापडणे कठीण. ‘मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस दिली का, कोणत्या तारखेला’ हेही विचारा. तारीख सांगता येत नसेल तर दिली नाही असे धरा.

जात बरोबर निवडली तरी

सावलीसाठी शेवगा सर्वांत लवकर वाढतो, कडुनिंब सर्वांत दाट. झाड नसेल तर चार बांबूंवर तुराट्यांचा किंवा तणसाचा मांडव, जमिनीपासून किमान सहा फूट. बुटक्या पत्र्याखाली कोंबडी भाजते. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी म्हणजे कलते ऊन लांब बाजूने आत शिरत नाही. एका कोंबडीला रात्रीसाठी अडीच ते तीन चौरस फूट. दोन्ही लांब बाजूंना भिंतीऐवजी बारीक जाळी, मुंगूस शिरणार नाही इतकी. पत्र्यावर मार्चमध्ये चुन्याचे दोन हात.

पाणी एरवी कोंबडीला पाव लिटर पुरते, मेमध्ये अर्धा लिटर धरा. बारा कोंबड्यांना सहा लिटर, आणि ते एकाच भांड्यात नको: मातीची तीन परळे, तीन सावल्यांत, दिवसातून तीनदा बदललेली. प्लास्टिकच्या भांड्यातले तापलेले पाणी कोंबडी पीत नाही, तहान सोसते. हे नुकसान दिसत नाही, म्हणून जास्त घातक. खाद्य पहाटे सहाच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर. पचनाची उष्णता खाल्ल्यानंतर चार-सहा तासांनी चढते. सकाळी दहाला दिलेली ज्वारी बरोबर तीनच्या उन्हात अंगावर येते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाडग्यात सदैव ठेवावा, कवचासाठी. नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत एक लिटर पाण्याला ओआरएसची एक पुडी सकाळी चार तास द्यावी, मग साधे पाणी.

कोंबडी आडवी पडलीच तर बर्फाचे पाणी नको. साध्या पाण्याच्या बादलीत मानेपर्यंत एक-दोन मिनिटे धरा, डोके वर, मग वारा लागेल अशा सावलीत ठेवा. घशात पाणी ओतू नका. धाप लागलेल्या कोंबडीच्या श्वासनळीत ते जाते आणि ती त्यानेच मरते. चोचीच्या कडेला थेंब लावा, तिला स्वतः गिळू द्या.

ओले बारदान जाळीला टांगण्याचा उपाय अकोल्या-नागपुरात मेमध्ये चांगला चालतो, कारण हवा कोरडी असते. तोच उपाय रत्नागिरीत, गोव्यात उपयोगाचा नाही. तिथे हवेत आधीच दमट ओल, मग पाणी उडत नाही आणि धापही निरुपयोगी ठरते. किनारपट्टीला ओल्या पडद्यापेक्षा पंखा आणि उघडी जाळी कामाची, आणि वजनाची रेघ आणखी खाली, दीड-पावणेदोन किलोवर ओढावी. विदर्भातही जूनच्या पहिल्या वळिवानंतर हीच गत होते. पारा ४५ वरून ३९ वर येतो, माणसे सुटकेचा श्वास टाकतात, बारदान तसेच ओले राहते, आणि उन्हाळाभर टिकलेली जड कोंबडी त्या कोंदट संध्याकाळी जाते. पहिला पाऊस पडला की बारदान उतरवा आणि चारही बाजू मोकळ्या करा.